कोल्ट १९०३ साठी घेतलेलं नवीन मॅगझिन

जॉन ब्राउनिंगच्या डिझाइनचं कोल्ट १९०३ पिस्तूल, .३२ एसीपी काडतुसाचं. माझ्याकडच्या या जुन्या पिस्तुलात काडतूस चेंबरच्या (नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी नाक खाली घालून अडकायचं. अशा वेळी पुष्कळजण थेट फीड रॅम्पला (काडतूस चेंबरमध्ये चढवणाऱ्या उताराला) कानस लावतात. कृपा करून लावू नका, घासून गेलेलं पोलाद परत येत नाही. पिस्तूल रिकामं करा आणि आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, बघा. माझ्या जुन्या मॅगझिनचा एक ओठ (वरचं काडतूस धरून ठेवणारी वळवलेली कड) फाकला होता आणि स्प्रिंग पार दमली होती.

हे नवीन बसवलं आणि काडतुसं सुरळीत चढायला लागली. दोन्ही ओठ एकसारखे, स्प्रिंग ताठ, बोटानं दाबून सोडलं की फॉलोअर (काडतुसांना खालून वर ढकलणारा तुकडा) कुठेही न अडखळता वर येतो. बेसप्लेट, म्हणजे तळाची पट्टी, मात्र ओबडधोबड, तिची कड हाताला लागते.

मॅगझिन भरताना जपा. .३२ एसीपीच्या बुडाची कड किंचित बाहेर असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर मॅगझिन कितीही चांगलं असो, अडकणारच. आखूड होलो पॉइंटमध्ये (गोळीचं टोक पोकळ असलेल्या काडतुसांमध्ये) हे जास्त होतं, म्हणून मी पूर्ण लांबीची फुल मेटल जॅकेटच (गोळीवर धातूचं आवरण असलेली काडतुसं) वापरते.