घारापुरीची 'प्रायव्हेट गाइडेड टूर' बुक करताय? आमच्यासोबत काय झालं ते आधी वाचा

लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं, पण काल शेजारच्या वहिनींनी विचारलं की अगं तुम्ही एलिफंटाला गेला होता ना, कुणाकडून बुकिंग केलेलं, आम्हाला पण जायचंय, तेव्हा ठरवलं की सगळं सविस्तर लिहायचंच. थोडं मोठं झालंय, पण गेटवेहून घरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर शेवटपर्यंत वाचा प्लीज.

आम्ही मुलुंडला राहतो. आई ७१ वर्षांची, म्युनिसिपालिटीच्या शाळेतून रिटायर झालेली, आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. घारापुरीची लेणी तिने शेवटची बघितली ती १९८६ साली शाळेच्या सहलीबरोबर, म्हणजे युनेस्कोच्या यादीत नाव यायच्या एक वर्ष आधी, हे ती नेहमी सांगते. त्यात साताऱ्याहून मावशी आठ दिवसांसाठी आलेली. दोघींनाही गुडघेदुखी. आई म्हणाली एकदा महेशमूर्ती डोळे भरून बघायचीय, मग पुढे जमतंय की नाही. आता असं म्हटल्यावर आपण काय करतो, पैसे गेले तरी चालतील पण त्रास नको म्हणून सगळं आरामात कसं होईल ते बघतो. मी पण तेच केलं.

इन्स्टाग्रामवर एक पेज सापडलं. फोटो सुंदर, रिव्ह्यू छान छान, चौकशीला व्हॉट्सॲप नंबर. ५ जणांचं पॅकेज ११,५०० रुपये, त्यात प्रायव्हेट बोट, लायसन्सवाला मराठी बोलणारा गाइड, लेण्यांचं तिकीट, आजींसाठी डोली आणि घरगुती जेवण, 'सगळं इन्क्लूडेड'. फोनवरचा मुलगा इतका गोड बोलायचा की विचारू नका, मॅडम तुमची आई ती माझी आई, तुम्ही फक्त यायचं, बाकी टेन्शन आमचं.

पहिली खूण मला तिथेच दिसली होती आणि मी सोडून दिली. त्याने आधी तारीख दिली ती सोमवारची. सोमवारी लेणी बंद असतात, मी म्हटलं तसं, तर म्हणाला आमची स्पेशल परमिशन असते, आणि मी जरा खोदून विचारल्यावर लगेच मंगळवार केला. जो माणूस रोज लोकांना तिथे घेऊन जातो त्याला सोमवार माहीत नसेल असं कसं होईल? पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त आईचे गुडघे होते. ५,००० ॲडव्हान्स भरला. क्यूआर कोडवर नाव आलं ते टूर कंपनीचं नाही, कुणातरी माणसाचं, आणि ते नाव फोनवरच्या मुलाचं पण नव्हतं. विचारलं तर म्हणाला अकाउंट भावाचंय. ही दुसरी खूण, तीही सोडली.

मंगळवारी सकाळी पावणेनऊला गेटवेला पोचलो. तिथे भलताच मुलगा आला, पंचविशीचा असेल, गळ्यात पट्टा होता पण कार्ड शर्टाच्या खिशात खुपसलेलं. म्हणाला मुख्य गाइड सर बेटावर भेटतील. आधी आमचा सगळ्यांचा गेटवेसमोर फोटो काढला, रेकॉर्डला लागतो म्हणून. मग सांगितलं की आज नेव्हीने प्रायव्हेट बोटी बंद केल्यात. डिसेंबर २०२४ मध्ये नेव्हीची स्पीडबोट एलिफंटाच्या प्रवासी बोटीवर आदळून एवढी माणसं गेली ते आपल्या सगळ्यांच्या मनात आहेच, त्यामुळे असेल बाबा असं वाटलं, कोण वाद घालणार. समोरून प्रायव्हेट लाँच निघत होत्या हे माझ्या नवऱ्याने बघितलं आणि मला बोटीत चढल्यावर सांगितलं.

तर आम्ही सगळ्यांसारखे साध्या फेरीत बसलो. त्या बोटीचं जाऊन-येऊन तिकीट माणशी अडीचशे-पावणेतीनशेच्या घरात असतं, गेटवेलाच खिडकीवर मिळतं, कुणीही काढू शकतं. तिकिटं त्याने काढली आणि स्वतःच्या पाकिटात ठेवली. म्हणाला आजींकडून हरवतील, परतीला हेच दाखवायचं असतं, माझ्याकडे सेफ राहतील. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं ह्याच्यावरच आलं.

बोटीतला तासभर मात्र छान गेला. आई माझ्या मुलाला सांगत होती की पोर्तुगीज आले तेव्हा बेटावर दगडाचा मोठा हत्ती होता म्हणून त्यांनी एलिफंटा नाव ठेवलं, आपलं नाव घारापुरीच, आणि तो हत्ती आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बागेत उभा आहे. मुलगा म्हणाला राणीच्या बागेत गेलो तेव्हा बघितला की मी.

जेटीवर उतरलो तर 'गाइड सर' आलेच नाहीत, हाच मुलगा गाइड. टॉय ट्रेनने पायथ्याशी गेलो. तिथून वर जायला १२० च्या आसपास पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्री. डोलीवाले उभे होते. हा त्यांच्याशी बाजूला जाऊन काहीतरी बोलला आणि परत येऊन म्हणाला डोलीचे २,४०० तुम्ही आत्ता द्या, मी शेवटी हिशोबात वजा करतो. दिले. काय करणार, दोघी खुर्चीत बसल्या होत्या. वर पोचल्यावर तिकीट काउंटरला आम्हाला जाऊच दिलं नाही, ऊन आहे, तुम्ही सावलीत थांबा, मी आणतो. परत आला आणि माणशी २५० प्रमाणे ५ जणांचे १,२५० मागितले, स्पेशल एन्ट्री म्हणे. पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीय माणसाला ४० रुपये आहे. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही, माझा मुलगा १२ वर्षांचा. स्पेशल एन्ट्री असा काही प्रकार तिथे नाहीच. मी विचारलं तिकीट तर पॅकेजमध्ये होतं ना, तर म्हणाला ते बोटीचं तिकीट मॅडम.

पैशांचं एक वेळ सोडा. आतमध्ये जे झालं त्याने मला जास्त वाईट वाटलं.

महेशमूर्तीसमोर आई हात जोडून उभी राहिली. १८-२० फूट उंच, अख्ख्या डोंगरात आतून कोरलेली, बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही आणि मग हळूहळू ते मधलं शांत तोंड अंधारातून पुढे येतं. हा मुलगा मोबाइलवर बघून बोलायला लागला, ये ब्रह्मा, ये विष्णू, ये महेश, पांडवांनी एका रात्रीत बांधलं, चला पुढे. मराठी गाइड सांगितला होता, हा अर्धं हिंदीच. आईने हळूच सांगायचा प्रयत्न केला की बाळा, हे तिन्ही चेहरे शिवाचेच आहेत, आपल्या डावीकडचा मिशीवाला उग्र तो अघोर, उजवीकडे हातात कमळ आहे तो सौम्य वामदेव, लोक त्रिमूर्ती म्हणतात पण हे सहाव्या शतकातलं शैव लेणं आहे. तर तो तिला म्हणाला, आजी, गाइड तुम्ही आहे का मी? सगळ्यांसमोर. ३५ वर्षं शिकवलेली बाई, गप्प झाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, रागावली की तिची ती सवय आहे, रागावून बोलत नाही.

पंचवीस मिनिटांत त्याने मुख्य लेणं उरकलं. अर्धनारीश्वर लांबून दाखवला, कैलास हलवणाऱ्या रावणाकडे नेलंच नाही. शेजारी एक वयस्कर गाइड दुसऱ्या कुटुंबाला गंगाधराच्या शिल्पाजवळ शांतपणे समजावत होते, आई आणि मावशी हळूहळू त्यांच्या घोळक्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्या काकांनी हाकललं नाही, उलट आईला पुढे घेतलं. त्यांचं कार्ड गळ्यात बाहेर, फोटो आणि नंबरसकट. मी नंतर विचारलं तर म्हणाले, पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र असतं आमचं, मागितलं की दाखवायचंच, जो खिशात ठेवतो त्याच्याबरोबर जाऊ नका. आमच्यावाल्याला मी कार्ड मागितलं तर रिन्यूअलला दिलंय म्हणाला. मग गळ्यात काय होतं?

जेवण म्हणजे पुठ्ठ्याच्या डब्यातला गार पुलाव. पुढे जात नाही.

साडेतीनला आम्ही खाली जेटीवर आलो आणि त्याने खरं रूप दाखवलं. उरलेले ६,५०० आणि वर १,५०० 'आयलंड टॅक्स'. ग्रामपंचायतीचा कर असतो हे खरं, पण तो पाच-दहा रुपये माणशी आणि तो आम्ही सकाळीच स्वतः भरला होता, पावती माझ्या पर्समध्ये होती. डोलीचे २,४०० वजा करायचे म्हटलं तर म्हणाला ते माझ्या सरांशी बोला, सरांचा फोन बंद. नवरा चिडला, म्हणाला एक पैसा देणार नाही. तर हा शांतपणे पाकिटावर हात मारून म्हणाला, ठीक आहे साहेब, मग परतीचं तुमचं तुम्ही बघा, शेवटची बोट साडेपाचला आहे.

आणि चालायला लागला.

तुम्ही म्हणाल नवीन तिकिटं काढायची होती. आत्ता मलाही तेच वाटतं. पण तिथे उभं असताना तसं सुचत नाही हो. चारी बाजूंनी पाणी, मावशीची बीपीची गोळी चुकलेली, मुलगा रडकुंडीला आलेला, आई म्हणतेय देऊन टाक बाई, मला घरी ने. घारापुरीचा फायदा हाच घेतात ही लोकं, तिथून उठून रिक्षा करून निघता येत नाही. नवऱ्याने ६,५०० ट्रान्सफर केले, ह्या वेळी क्यूआरवर तिसरंच नाव. तेव्हा कुठे तिकिटं हातात आली.

बोटीत चढताना दोरी धरून उभ्या असलेल्या खलाशाने आईला हात दिला आणि काय झालं विचारलं, तिचा चेहराच तसा झाला होता. ऐकून म्हणाला, ताई, आधी मला सांगायचं ना, सकाळी ह्याच बोटीने आलात तुम्ही, आजींना मीच उतरवलं होतं, असं कुणाला बेटावर सोडून जातो का आम्ही. तो सकाळपासून तिथेच होता. मला विचारायचं सुचलंच नाही, कारण त्या मुलाने दिवसभर आम्हाला दुसऱ्या कुणाशी बोलूच दिलं नव्हतं, काउंटरला नाही, डोलीवाल्यांशी नाही, कुणाशीच नाही.

एकूण गेले १५,१५०. हेच स्वतः केलं असतं तर बोट, लेण्यांची तिकिटं, कर, ट्रेन, दोन डोल्या आणि एखाद्या हॉटेलात गरम जेवण, सगळं मिळून पाच-साडेपाच हजारांच्या वर गेलं नसतं, आणि चांगला गाइड वेगळा केला असता तरी बरेच पैसे उरले असते. ह्यातली एकही गोष्ट अशी नाही की जी आपल्याला खिडकीवर पैसे देऊन, पावती घेऊन मिळत नाही.

घरी आल्यावर दोन दिवस आम्ही नुसते चडफडत बसलो, ही पण चूक. १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा असतो, जितक्या लवकर कराल तितकी समोरच्या खात्यात पैसे अडवायची शक्यता जास्त. आम्ही केला तोवर खातं रिकामं झालं असणार. ऑनलाइन पोर्टलवर तक्रार केलीय, नंबर मिळालाय. चौकीत साहेबांनी अर्ज घेतला, पण म्हणाले टूर तर झालीय, म्हणजे हा व्यवहाराचा वाद दिसतोय. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला पण फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं पण कंपनीचं नाव-पत्ता विचारला, आणि तेव्हा कळलं की माझ्याकडे एका पेजचं नाव आणि तीन वेगवेगळ्या माणसांची नावं ह्याशिवाय काहीच नाही. बिल नाही, जीएसटी नंबर नाही, ऑफिस नाही. ॲडव्हान्स भरायच्या आधी हे मी मागायला हवं होतं. दिलं नसतं तर तिथेच विषय संपला असता. आणि परतीचं तिकीट, मग ते कुठल्याही बोटीचं असो, दुसऱ्याच्या पाकिटात ठेवू देऊ नका, अगदी गाइड कितीही भला असला तरी.

मागच्या आठवड्यात ते पेज गायब झालं. परवा भाचीने स्क्रीनशॉट पाठवला, नवीन नाव, नवीन लोगो, तेच पॅकेज, आता १२,५०० ला. आणि 'आमचे समाधानी ग्राहक' म्हणून खाली आमचाच फोटो, गेटवेसमोरचा, सकाळचा, ज्यात आई हसतेय कारण तेव्हा अजून काहीच झालं नव्हतं. तिघांनी रिपोर्ट केलाय, पोर्टलवर तो स्क्रीनशॉट पण जोडलाय, आज सकाळपर्यंत फोटो तिथेच आहे. निळी इरकल नेसलेली, जाड चष्म्याची, शेजारी हिरव्या साडीतली तिची बहीण. ती माझी आई आहे. तो फोटो ज्या पेजवर दिसेल तिथे पैसे भरू नका, आणि दिसला तर तुम्ही पण रिपोर्ट करा.