नऊ महिने डाविंची रिझॉल्व्ह: सहलीच्या विस्कळीत क्लिपांपासून घरच्यांना बघावासा वाटणारा व्हिडिओ

चार दिवस चिखलदऱ्याला जाऊन आलेल्या नागपूरच्या कुटुंबाच्या तीन फोनमध्ये मिळून सहज दोनशे क्लिप निघतात. निम्म्या गाडीच्या काचेतून काढलेल्या असतात. काही आडव्या, काही उभ्या, आणि बऱ्याच "चालू झालं का?" म्हणेपर्यंत संपलेल्या. आधी काहीच ठरवलेलं नसतं, त्यामुळे सुरुवात, मध्य, शेवट असं काही हाती लागत नाही. अशाच फुटेजवर डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती नऊ महिने वापरली. १६ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी असलेल्या विंडोज लॅपटॉपवर चिखलदरा, रामटेक-खिंडसी आणि पचमढी या सहलींचं काम झालं.

मत आधीच सांगायचं तर घरच्या व्हिडिओसाठी मोफत आवृत्ती पुरून उरते. मात्र हे सॉफ्टवेअर चित्राचे रंग सुधारण्याच्या ज्या कामासाठी ओळखलं जातं, त्याचा इथे सगळ्यात कमी उपयोग झाला. खरा फरक दोन गोष्टींनी पडला: निवड पटापट करता येणं, आणि आवाज चित्रापासून सुटा करून हलवता येणं.

क्लिप गोळा करण्यापासूनच काळजी घ्या. नातेवाइकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून मागवलेली क्लिप दाबून लहान होऊन येते आणि मोठ्या टीव्हीवर चिखलासारखी दिसते. ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, किंवा सरळ केबल लावून कॉपी करा. आयफोनवर ४के, ३० फ्रेमचं एक मिनिट साधारण १७० एमबी होतं, म्हणजे तीन तासांचे ३० जीबी. तेवढी जागा आधी रिकामी ठेवा. प्रत्येक फोनचा वेगळा फोल्डर करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये फाइलच्या नावातच तारीख-वेळ असते, आयफोनच्या नावात नसते. एमपी४ फाइलच्या आत नोंदलेली वेळ सहसा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असते, तर काही जुने डिजिटल कॅमेरे स्थानिक वेळ लिहितात. म्हणून दोन्ही एकत्र लावले की साडेपाच तासांचा घोळ होतो आणि सकाळचा चहा दुपारच्या जेवणानंतर येऊन बसतो. एखादा प्रसंग दोन्हींत टिपलेला असेल तर त्यावरून फरक काढा आणि कॅमेऱ्याच्या क्लिप हातानेच योग्य जागी सरकवा.

प्रोजेक्ट उघडल्यावर काहीही आत आणण्याआधी सेटिंगमध्ये टाइमलाइनचा (क्लिप ओळीने लावायच्या पट्टीचा) फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ३० करा. तो मुळात २४ असतो. पहिली क्लिप आणताना 'बदलू का?' असा प्रश्न समोर येतो आणि घाईत चुकीचं बटण दाबलं जातं. एकदा काम सुरू झालं की त्या प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही. रिझोल्युशन मात्र १९२० बाय १०८० ठेवा, क्लिप ४के असल्या तरी. यात कंजुषी नाही. १०८०च्या टाइमलाइनवर ४केची क्लिप दुपटीपर्यंत मोठी करता येते आणि चित्र फुटत नाही. बिनठरवलेल्या फुटेजमध्ये माणूस नेहमी कोपऱ्यात आणि मध्ये रिकामं आकाश असतं. तिथे ही मोकळीक फार उपयोगी पडते.

४केची एचईव्हीसी (जास्त दाबून साठवलेली) क्लिप लॅपटॉपवर अडखळत असेल तर मीडिया पूलमध्ये, म्हणजे आत आणलेल्या क्लिपांच्या यादीत, सगळ्या क्लिप निवडून अर्ध्या किंवा पाव रिझोल्युशनच्या प्रॉक्सी (कामापुरत्या हलक्या प्रती) बनवायला लावा. हे काम रात्री लावा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो. दुपारी लॅपटॉप गरम होऊन आपला वेग आपणच कमी करतो, आणि रात्री एका तासात होणारं काम तेव्हा बराच जास्त वेळ घेतं. लॅपटॉपखाली दोन पुस्तकं ठेवून मागची बाजू उचलली तरी फरक जाणवतो.

आता निवड. कट पेज या सॉफ्टवेअरमधल्या कामाच्या पानावर 'सोर्स टेप' नावाची सोय आहे. फोल्डरमधल्या सगळ्या क्लिप एका लांबलचक टेपसारख्या सलग दिसतात, एकेक उघडावी लागत नाही. 'फास्ट रिव्ह्यू' लांब क्लिप भरभर आणि छोट्या सावकाश दाखवतं. एल दाबलं की पुढे, जे दाबलं की मागे, के ने थांबतं. आय आणि ओ ने सुरुवात-शेवट ठरवायचा. पहिल्या फेरीत काहीही काढून टाकू नका, फक्त क्लिपना रंग द्या: हिरवा नक्की, पिवळा कदाचित. दुसऱ्या फेरीत हिरव्यांमधले ३ ते ८ सेकंदांचे तुकडेच उचला. तीन तासांच्या फुटेजमधून १० ते १२ मिनिटं उरली पाहिजेत. भीमकुंडाच्या धबधब्याच्या नऊ क्लिप असतील तर एकच ठेवा, आणि तीही ज्यात कुणीतरी त्याच्याकडे बघून काहीतरी बोलतंय अशी. घरच्यांना धबधबा गुगलवरही दिसतो, आजीचा चेहरा तिथे दिसत नाही.

आधी आखणी नसली तरी कणा सापडतो, आणि तो बहुतेक वेळा आवाजात लपलेला असतो. परतवाड्यानंतरच्या घाटात लहान मूल दर दहा मिनिटांनी "अजून किती दूर?" विचारतं. ते सगळे तुकडे वेचून वेगळे ठेवा आणि व्हिडिओभर अंतराअंतराने पेरा. देवी पॉइंटला धुक्यात काहीच दिसत नसताना पुन्हा तोच प्रश्न आला की खोली हसते. सगळ्यांचं "पाऊस थांबला का?" किंवा आजोबांचं प्रत्येक ठिकाणी चहाची टपरी शोधणंही असंच धाग्यासारखं वापरता येतं. दिवसांचा क्रम काटेकोर पाळायची गरज नाही. घरातून निघतानाच्या पिशव्यांपासून सुरुवात केली तर पहिली दोन मिनिटं सुस्त जातात. त्याऐवजी गाविलगडाच्या दरवाज्यातला वारा आणि आरडाओरडा वीस सेकंद दाखवा, मग निघण्यावर या.

जिथे दुवाच नाही, तिथे परत आल्यावर जोड-चित्रण करा: चिखलाने माखलेले बूट, टोलची पावती, दारात उघडलेली बॅग, नकाशावर सरकणारं बोट. प्रत्येकी पाच सेकंदांचे सहा-सात शॉट पुरतात आणि प्रसंग एकमेकांना जोडून देतात. फोटोही चालतात. इन्स्पेक्टरमधलं (क्लिपच्या सेटिंगच्या कप्प्यातलं) 'डायनॅमिक झूम' चालू करून प्रत्येक फोटो चार सेकंद ठेवा, त्याहून जास्त नाही.

उभ्या क्लिपांसाठी दोन्ही बाजूंना धूसर पट्टे लावण्याची पद्धत सगळीकडे दिसते. तीन उभ्या क्लिप शेजारी-शेजारी लावणं त्याहून कितीतरी चांगलं. १०८० उंचीत उभ्या क्लिपची रुंदी साधारण ६०७ पिक्सेल येते. झूम १.०५४ केला की ती ६४० होते आणि तीन मिळून १९२० भरतात. पोझिशन एक्सचे आकडे उणे ६४०, ० आणि ६४०. तीन फोनवर एकाच वेळी टिपलेला क्षण असा लावला की फार खुलून दिसतो.

आवाजावर सर्वांत जास्त वेळ द्या, चित्राहूनही जास्त. एडिट पेजवर ऑल्ट दाबून ऑडिओची कड ओढली की ती चित्रापासून सुटी सरकते. पुढच्या प्रसंगाचा आवाज एक सेकंद आधी सुरू करा: अजून घाटातला रस्ताच दिसतोय आणि कढईतल्या भज्यांचा आवाज येऊ लागला, की विस्कळीत तुकडे जोडलेले वाटतात. प्रत्येक ठिकाणची ३० सेकंदांची स्वच्छ पार्श्वभूमी शोधा (पाऊस, रातकिडे, बाजार) आणि ती त्या पूर्ण प्रसंगाखाली हलकीशी पसरा. क्लिपागणिक बदलणारा आवाजाचा पोत त्यामुळे झाकला जातो. बोलणं उणे १२ डीबीच्या आसपास, संगीत त्याच्या बरंच खाली, उणे २८ ते ३०. वाऱ्याच्या घरघरीवर १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापणारा फिल्टर थोडा उपयोगी पडतो. पण माइकवर थेट आदळलेला वारा दुरुस्त होत नाही. तो आवाज पूर्ण काढून पार्श्वभूमी लावणं हाच उपाय. आजी-आजोबांचं निवेदन नंतर रेकॉर्ड करायचं असेल तर कूलर आणि पंखा बंद करून, पहाटे, गादी-गोधड्यांनी भरलेल्या खोलीत करा. कूलरची घरघर एकदा आवाजात मिसळली की पूर्ण निघत नाही.

लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटत गेले तर कारण बहुतेक वेळा फोनचा बदलता फ्रेम रेट असतो. कमी उजेडात फोन फ्रेम कमी-जास्त करतो. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये 'व्हेरिएबल' दिसलं तर ती क्लिप हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट', ३०, आरएफ (दर्जाचा आकडा) १८ या सेटिंगने काढून घ्या. पाच-सात सेकंदांच्या तुकड्यांसाठी हा खटाटोप करू नका, फरक कळतही नाही. हॉटेलच्या खोलीतले दिवे लपलपताना दिसतात, ते आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेमुळे. पुढच्या वेळी फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

स्टॅबिलायझेशन चालत्या माणसाच्या हातातल्या क्लिपवर छान चालतं. पाऊस पडलेल्या काचेतून काढलेल्या क्लिपवर ते थेंबांचाच माग घेऊ लागतं आणि मागचा डोंगर डोलतो. तिथे ते बंदच ठेवा. धुक्यातल्या शॉटला काळेपणा थोडा वाढवा, पण पूर्ण नाही, कारण धुकं गेलं की चिखलदरा उरत नाही. आयफोनवर एचडीआरमध्ये काढलेल्या क्लिप भडक किंवा फिक्या दिसल्या तर कलर स्पेस ट्रान्सफॉर्म हा इफेक्ट लावून त्या रेक.७०९ या साध्या टीव्हीच्या रंगमानकात आणा.

२९५ डॉलरची स्टुडिओ आवृत्ती एकदाच विकत घ्यायची असते, दरमहा भाडं नाही. चित्रातला दाणेदारपणा घालवणं, गोंगाटातून बोलणं वेगळं काढणं आणि लपलपणारा प्रकाश सुधारणं या सोयी तिच्यात आहेत. वर्षाला दोन सहलींसाठी मोफत आवृत्तीच घ्या. मराठी शीर्षकात जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर दिसतात का ते आधी तपासा. हमखास मार्ग म्हणजे मुक्त किंवा बालू या मोफत फाँटमध्ये शीर्षक लिहून, मागची बाजू पारदर्शक ठेवून पीएनजी चित्र बनवायचं आणि ते टाइमलाइनवर ठेवायचं.

एक्स्पोर्ट एच.२६४ मध्ये, १०८०, ३० फ्रेम, १२,००० केबीपीएस. ११ मिनिटांची फाइल साधारण १ जीबी होते आणि बहुतेक टीव्हींवर चालते. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, अशा वेळी पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. काम संपल्यावर 'प्रोजेक्ट आर्काइव्ह' काढून बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा. प्रोजेक्टमध्ये मूळ क्लिप नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. फोल्डर हलवला की सगळी टाइमलाइन लाल होऊन 'मीडिया ऑफलाइन' दाखवते. आर्काइव्हमध्ये क्लिपही सोबत जातात. पुढच्या दिवाळीत एखाद्या काकूने "माझ्या फोनमधल्या राहिल्याच की!" म्हटलं, तर तीच टाइमलाइन उघडून त्या क्लिप आत घालता येतात.