पाळणाघराची अचानक फीवाढ आणि १९१५ हेल्पलाइन: किती कामाची?

मे महिन्यात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका ओळीचा मेसेज येतो: १ जूनपासून फी १२,००० ऐवजी १४,५००. एप्रिल ते जूनचे ३६,००० रुपये तर आधीच भरून झालेले असतात. मग कुणीतरी सुचवतंच, "ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा." राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, म्हणजे १९१५, ही एरवी चांगली सेवा आहे. पाळणाघराच्या तक्रारींसाठी मात्र तिला पाचपैकी तीन गुण. त्यातला तिसरा गुणही तक्रार नीट लिहिली तरच.

आधी चांगली बाजू. सेवा फुकट आहे, राष्ट्रीय सुट्या सोडून रोज सकाळी ८ ते रात्री ८ चालते आणि १७ भाषांत बोलता येतं, त्यात मराठीही आहे. १८००-११-४००० हा जुना टोल-फ्री नंबर आहे, व्हॉट्सअ‍ॅपसाठी ८८००००१९१५. तरीही फोनपेक्षा पोर्टल किंवा अ‍ॅप बरं. फोनवर समोरचा माणूस दोन ओळींत सारांश लिहून घेतो, पोर्टलवर तुमचे शब्द तुमचेच राहतात आणि पावत्या जोडता येतात. तक्रार नोंदली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक पत्रात लागेल.

कमी पडते ती अधिकारात. हेल्पलाइन न्यायालय नाही. ती कुणालाही पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकत नाही, दंड लावू शकत नाही. हजाराहून अधिक कंपन्या तिच्याशी थेट जोडलेल्या आहेत, त्यामुळे ऑनलाइन खरेदी, मोबाइल, विमानतिकीट अशा तक्रारी लवकर हलतात. सोसायटीतल्या तीन खोल्यांत चालणारं पाळणाघर त्या यादीत नसतं. तिथे तुमची तक्रार पोहोचवली जाईल, पण उत्तर देणं मालकाच्या मर्जीवर. मोठ्या साखळीतलं डे केअर असेल तर आशा थोडी जास्त.

आता मूळ प्रश्न: कशाविरुद्ध भांडता येतं? खासगी पाळणाघराने किती फी घ्यावी यावर कमाल मर्यादा नाही. शाळांच्या फीसाठी महाराष्ट्रात २०११ चा शुल्क नियमन कायदा आहे, तो नुसत्या पाळणाघराला लावायला जाऊ नका. "फी परवडत नाही" ही तक्रार होत नाही. लढण्याजोगी वाढ तीन प्रकारची: ज्या महिन्यांचे पैसे आधीच घेतलेत त्यातच लावलेली, प्रवेश अर्जात लिहिलेली पूर्वसूचना न देता लावलेली, आणि फीच्या छापील तक्त्यात कधीच नसलेल्या नव्या नावाखाली घेतलेली. वरच्या उदाहरणात जूनचे २,५०० रुपये नक्की वादाचे आहेत. जुलैपासूनची वाढ मान्य करायची की पाळणाघर बदलायचं, हा हिशेब वेगळा. दोन्ही एकाच तक्रारीत घातले की मजबूत मुद्दाही पातळ होतो.

छुपी वाढ तर पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. आकडा तोच राहतो, पण शनिवार बंद होतो आणि "फुल डे" दहाऐवजी नऊ तासांचा होतो. २६ दिवस गुणिले १० म्हणजे २६० तास, १२,००० रुपयांत तासाला सुमारे ४६ रुपये. २२ दिवस गुणिले ९ म्हणजे १९८ तास, तासाला सुमारे ६०.६० रुपये. फी न वाढवता ३१ टक्के वाढ झाली! नाश्ता वेगळा लावणं, उशिरा नेण्याची सवलत १५ मिनिटांवरून ५ वर आणणं, हेही याच जातीचं. असा ताशी दर काढून दाखवला की "आम्ही काहीच वाढवलं नाही" हे उत्तर टिकत नाही.

हेल्पलाइनकडे जाण्याआधी लेखी मागणी हवीच. प्रवेश अर्ज, फीचा तक्ता, पावत्या, जीपेचे स्क्रीनशॉट आणि वाढीचा मेसेज तारखेसकट एकत्र करा. मग व्यवस्थापकांना ईमेल करा, ग्रुपवर नको. उत्तरासाठी १५ दिवस द्या. दरम्यान महिन्याला पैसे भरायचे असतील तर ते थांबवू नका. जुन्या दराने, ठरल्या तारखेला, ऑनलाइन भरा आणि शेऱ्यात "जून, जुना दर, फरक वादात" असं लिहा. पैसे पूर्ण थांबवले तर थकबाकीदार तुम्ही ठरता आणि डिपॉझिटमधून वळतं करायला त्यांना निमित्त मिळतं. जागा जाण्याची भीती असेल तर फरकही भरा, पण "हक्क राखून" भरतोय हे त्याच दिवशी ईमेलने कळवा.

तक्रारीचा मजकूर साधारण असा असावा: "दिनांक ३ एप्रिल रोजी एप्रिल ते जून या तिमाहीची पाळणाघर सेवेची फी ३६,००० रुपये भरली, पावती जोडली आहे. २० मे रोजी व्हॉट्सअ‍ॅपवरून १ जूनपासून दरमहा २,५०० रुपये जादा मागण्यात आले. अर्जातील अटीनुसार ३० दिवसांची लेखी सूचना आवश्यक होती. २२ मेच्या ईमेलला उत्तर नाही. जूनची जादा मागणी रद्द करावी, घेतली असल्यास २,५०० रुपये परत करावेत." तारखा, रक्कम, अट, मागणी. मुलाला काय वाटलं, ताई कशा बोलल्या, हे यात नको.

सगळ्यात जास्त तक्रारी अडतात त्या नावावर. पाटीवर ब्रँडचं नाव असतं, पैसे मात्र फ्रँचायझी घेणाऱ्याच्या फर्मला जातात. ब्रँडवर तक्रार केली की "ते केंद्र स्वतंत्र आहे" असं उत्तर येतं. पावती, क्यूआर कोडवर दिसणारं नाव आणि भिंतीवरचा गुमास्ता परवाना (दुकान-आस्थापना नोंदणी) ताडून पाहा आणि दोन्ही नावं लिहा. पावतीच देत नसतील तर तेही लिहा, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

"पाळणाघर सेवा" हा शब्दही मुद्दाम वापरायचा, "शिक्षण" किंवा "स्कूल फी" नाही. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये दिला आहे आणि समोरचा वकील तोच पुढे करतो. तुम्ही पैसे देताय ते सांभाळ, जेवण आणि झोपेची जागा यांसाठी. बिलावर जीएसटी लावला असेल तर तो पुरावा तुमच्याच बाजूचा आहे: पूर्वप्राथमिक शिक्षणाला जीएसटी माफ आहे, म्हणजे कर लावून ते स्वतःच ही वेगळी सेवा मानतात. मात्र बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपासा. महाराष्ट्रातला क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि २७ ने सुरू होतो. नोंदणी नसताना कर गोळा करता येत नाही.

हेल्पलाइनने काही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहक न्यायालय. जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ई-जागृती पोर्टल आहे. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि मुदत २ वर्षं. इथे दावा सेवेतील त्रुटीचा आणि अनुचित व्यापारी प्रथेचा मांडायचा. "करारातली अटच अन्यायकारक आहे" हा मुद्दा राज्य आयोगाकडे जातो, जिल्ह्यात मांडला तर तिथेच अडकतो. फक्त २,५०० रुपयांसाठी एवढी खटपट फार कमी जण करतील. पण अडवून ठेवलेलं २५,००० चं डिपॉझिट असेल तर ती नक्की करावी.

आणखी एक वाट बरेच जण विसरतात. पाळणाघर कंपनीच्या टाय-अपमधलं असेल तर दर कंपनीशी झालेल्या करारात लिहिलेला असतो. तिथे १९१५ च्या आधी एचआरला ईमेल करा, उत्तर बहुधा तिथूनच लवकर येतं. आणि हे सगळं चालू असताना दारात मूल सोडायला-आणायला येणाऱ्या आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा की फीचा विषय तिथे काढायचा नाही. मूल घेणाऱ्या मावशींच्या हातात ना दर असतो, ना पावती.