विभागीय बुद्धिबळ स्पर्धा: साखळी की स्विस?

स्पर्धा भरवायची ठरली की पहिला पेच हाच पडतो.

वेळेचा हिशेब आधी करा. साखळीत प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळतो. 10 खेळाडूंना 9 फेऱ्या, 45 डाव. 64 जण आले तर 63 फेऱ्या, म्हणजे विषयच संपला. स्विस पद्धतीत, म्हणजे दर फेरीत समान गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावून, तेवढेच खेळाडू 6-7 फेऱ्यांत, शनिवार-रविवारात आटोपतात. शिवाय हरलेला बाहेर जात नाही. पहिला डाव गमावलेलं पोरही शेवटच्या फेरीपर्यंत पटावर असतं, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

न्यायाच्या बाबतीत मात्र साखळी सरस. स्विसमध्ये समान गुणांचे खेळाडू भिडवतात, त्यामुळे कुणाची वाट सोपी, कुणाची खडतर. गुण सारखे झाले की बुखोल्झ, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज, बघावी लागते. नववा आला की अकरावा, यावर फार विसंबू नये.

मेहनत? साखळीचं वेळापत्रक बर्गर तक्त्यावरून, म्हणजे कुणी कोणत्या फेरीत कुणाशी खेळायचं याच्या तयार तक्त्यावरून, आधीच लावता येतं. पण मधेच कुणी सोडून गेलं की तक्ता विस्कटतो. स्विसला दर फेरीनंतर नव्या जोड्या. संगणक आणि जाणता पंच हवाच. बक्षीस समारंभ शेवटच्या डावाला चिकटून ठेवू नका, टायब्रेक (बुखोल्झसारखे समान गुणांचा क्रम ठरवणारे निकष) तपासायला अर्धा तास लागतोच.

खुली स्पर्धा, लहान मुलं, मोठी गर्दी असेल तर स्विस. आठ-दहा निवडक खेळाडूंतून संघ निवडायचा असेल तर साखळीच.