ऑनलाइन लोहारकाम संच: ब्लोअर ठेवा, ऐरण परत करा

ऐरण, हाताने फिरवायचा ब्लोअर, पत्र्याची भट्टी, दोन सांडश्या आणि किलोभराचा हातोडा असा ‘घरगुती लोहारकाम संच’ सध्या बऱ्याच विक्रेत्यांकडे ऑनलाइन मिळतो. नाव वेगळं, रंग वेगळा, खोक्यातला माल जवळपास एकच. शेतातल्या शेडमध्ये खुरपी-विळे शेवटायला (तापवून-ठोकून पुन्हा धार काढायला), कडी-कोयंडे आणि छिन्न्या घडवायला हा संच पुरेल का, एवढाच इथे प्रश्न. उत्तर असं की अर्धा पुरतो. आणि जो अर्धा पुरत नाही तो मराठवाड्यात जालन्याच्या भंगारात याहून चांगला मिळतो.

आधी ऐरण, कारण फसगत तिथेच होते. जाहिरातीत ‘स्टील’, वजन २२ किलो, वर जाड निळा रंग. रंग खरवडला की खाली लांबी (पुटी) भरलेली दिसते, आणि लांबीखाली बीड, म्हणजे ओतीव लोखंड. चुंबक बिडालाही चिकटतं आणि पोलादालाही, त्यामुळे चुंबकाने काही कळत नाही. बेअरिंगची एक इंचाची गोळी २५ सेंटिमीटर उंचीवरून ऐरणीच्या माथ्यावर सोडा. चांगल्या पोलादी ऐरणीवरून ती १८-२० सेंटिमीटर परत उसळते. बिडावर निम्म्याच्याही खाली राहते. दुसरी खूण कानशीची: बिडाचा कीस काळपट, भुकटीसारखा पडतो आणि बोटं काळी होतात. ग्राइंडर लावला तर ठिणग्या आखूड आणि लालसर निघतात. पोलादाच्या लांब, पिवळ्या असतात.

गोळी उसळली नाही म्हणून काय बिघडलं? घावाची ताकद ऐरण खाते, हातोडा वर यायला मदत होत नाही, दंड तासाभरात भरून येतो. त्याहून वाईट म्हणजे बीड ठिसूळ. कडेवर घाव चुकला की कपचा उडतो, आणि तो डोळ्याच्या उंचीवर उडतो. घण तर या ऐरणीवर चालवूच नये. वर पोलादाचा थर वेल्डिंगने चढवून घ्या असा सल्ला कुणी देईल, तोही ऐकू नका. बिडावर साधं वेल्डिंग तडकतं. शिवाय हातोड्याच्या साधारण पन्नासपट वजन ऐरणीला हवं असा ठोकताळा आहे. संचातलाच हातोडा किलोभराचा, म्हणजे ऐरण पन्नास किलोची हवी. २२ किलोची ऐरण प्रत्येक घावाला जागा सोडते. तांब्या-पितळेच्या हलक्या कामाला ती चालेल, बाकी परत करा.

तिच्या जागी काय घ्यायचं? जालन्यात री-रोलिंग मिलचा माल सगळीकडे फिरतो, आणि बिलेटचे (सळई लाटण्याआधीच्या पोलादी चौकोनी दांड्याचे) कापलेले तुकडे भंगारवाल्यांकडे किलोच्या भावाने मिळतात. भाव रोज हलतो म्हणून आकडा देत नाही, पण वजन आधीच काढून जा. १०० मिलिमीटर चौरस आणि ३०० लांब तुकडा साडेतेवीस किलोचा भरतो. १२५ चौरस आणि ५०० लांब घेतला तर ६१ किलो. हा दुसरा तुकडा उभा रोवायचा, म्हणजे घावाखाली थेट अर्धा मीटर लोखंड येतं. शिंग नाही, चौकोनी भोक नाही, देखणेपण तर अजिबात नाही. बिलेट मऊ असल्यामुळे चुकलेला घाव त्यावर खड्डा पाडतो. ग्राइंडरने माथा पुन्हा सपाट करा. पण तो फुटत नाही.

रेल्वेचा रूळ बिलेटपेक्षा कठीण असतो, कारण त्यात कार्बन ०.६ ते ०.८ टक्के. ५२ किलो प्रतिमीटरचा रूळ फुटाला सुमारे १६ किलो, ६० चा सुमारे १८. तोही आडवा ठेवण्यापेक्षा उभा रोवावा. आडवा ठेवला तर मधला बारीक पाटा थरथरतो आणि कान किटतात. लिलावातल्या मालाची पावती मिळाल्याशिवाय मात्र रुळाला हात लावू नका. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदेशीर ताब्याचा कायदा १९६६ पासून आहे आणि ‘भंगारात मिळाला’ हे उत्तर तिथे चालत नाही.

ऐरण कुठलीही असो, काळ्या मातीत थेट रोवू नये. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ठोकळा वर्षभरात कलतो. दोन फूट खड्डा घ्या, तळाला मुरूम धुमसून भरा, त्यावर बाभळीचा ओंडका उभा ठेवून चारही बाजूंनी मुरूमच ठासा. उभं राहून काम करणार असाल तर माथा मुठीच्या उंचीवर यावा, हात सैल सोडून मोजलेला. बसून काम करायची आपल्याकडची पद्धत ठेवायची असेल तर ओंडका जवळजवळ पूर्ण जमिनीत जाईल.

आता ब्लोअर. संचातली हीच वस्तू पैसे वसूल करते. घरगुती कामाला वारा पुरतो, एका हाताने फिरवत दुसऱ्या हाताने निखारे सावरता येतात, आणि लाइट गेली तरी भट्टी विझत नाही. विजेच्या ब्लोअरला आपल्याकडे हीच अडचण. शिवाय विजेचा घेतला की लोक पंख्याचा रेग्युलेटर लावतात. साधी इंडक्शन मोटार त्याने तापते. वारा कमी करायला पाइपात सरकती झडप बसवायची असते.

हाताच्या ब्लोअरचा गिअरबॉक्स मात्र कोरडा येतो. ही गोष्ट माहितीपत्रकात नसते, आणि तसाच फिरवला तर दात झिजून खडखड सुरू होते. २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल घाला, पण खालच्या गिअरचे दात बुडतील एवढंच. जास्त घातलं की शाफ्टवाटे गळतं. पंख्याचा बारीक स्क्रू ॲलन कीने आवळून घ्या. मूठ उलटी फिरवू नका, नट सुटतो.

भट्टीची बशी दोन मिलिमीटर पत्र्याची आणि जेमतेम तीन इंच खोल. वाऱ्याच्या तोंडावर निखाऱ्यांचा थर किमान १२ ते १५ सेंटिमीटर हवा. तो नसला की न वापरलेला प्राणवायू थेट लोखंडावर येतो. मग जाड खवले सुटतात आणि टोक फुलबाजीसारखं तडतडत जळतं. नवशिक्याला वाटतं वारा कमी पडतोय, तो आणखी जोरात फिरवतो आणि काम संपतं. उपाय सोपा: कडेने अग्निविटा उभ्या लावून खोली वाढवा, तळाला फायर क्ले लिंपा. काळी माती लिंपू नका, वाळली की तडे. संचातली पातळ जाळी काढून १० मिलिमीटर जाडीच्या पट्टीला तेवढ्याच व्यासाची चार-पाच भोकं पाडून बसवा.

इंधन म्हणून बाभळीचा कोळसा उत्तम, फक्त ठिणग्या फार, म्हणून कडब्याच्या गंजीपासून भट्टी लांब. वजनावर विकतात, ओला घेऊ नका. वीटभट्टीवाल्यांकडचा दगडी कोळसा स्वस्त पडतो, पण राख भरपूर आणि तळाला खंगर (वितळून गोठलेल्या राखेचा गोळा) धरतो. तो थोड्या थोड्या वेळाने आकड्याने काढावा लागतो. दगडी कोळसा जाळताना ब्लोअर थांबवला तर खालचं राखेचं दार उघडं ठेवा. नाहीतर धूर पाइपात साठतो आणि पुन्हा मूठ फिरवली की भडका उडतो.

हातोडा ठीक. तोंडाच्या धारदार कडा ग्राइंडरने गोल करा, नाहीतर प्रत्येक घाव लोखंडावर चंद्रकोर उमटवेल. सांडश्यांचे जबडे जुळत नाहीत. लाल करून, ज्या जाडीचं काम करणार त्या पट्टीवरच दाबून बसवा. दहा मिलिमीटरच्या सांडशीत सहाची पट्टी धरू नये, ती फिरते.

संचासोबत ‘सरावासाठी’ टीएमटी सळईचे तुकडे येतात. आकडे, खिळे, कड्या करायला छान. छिन्नी किंवा कोयता मात्र त्यातून होत नाही, कारण कार्बन ०.३० टक्क्यांच्या आत. कितीही पाणी पाजलं (तापवून पाण्यात बुडवलं) तरी धार टिकत नाही. धारेच्या हत्यारासाठी ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा घ्या, चुंबक चिकटायचं थांबल्यावर थोडं आणखी तापवा आणि पाण्यात नाही, कोमट तेलात बुडवा. पाण्यात तडकण्याची भीती असते. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपाचे तुकडे भट्टीत घालू नका. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्या पांढऱ्या धुराने ताप भरतो.

सुटा ब्लोअर मिळत असेल तर संच घेऊच नका. वाचलेल्या पैशात पाय असलेला पोलादी शेगडा (काम घट्ट धरायचा व्हाइस) शोधा. सुताराचा बिडाचा शेगडा घावाखाली जबड्यात तुटतो.