स्टोरी गेम घेऊ की दोस्तांबरोबर खेळायचा? वन रूम किचनमधून एक मत

आतेभावाला नवीन लॅपटॉप मिळालाय. परवा त्याचा मेसेज, दादा एकाच गेमचं बजेट आहे, स्टोरीवाला घेऊ की मित्रांबरोबर खेळायचा घेऊ? त्याला उत्तर टाईप करता करता एवढं लांबलं की म्हटलं नीटच लिहून टाकावं. ग्राफिक्स कार्ड, एफपीएस वगैरे मी काही बोलणार नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी दोन्ही प्रकार पोटभर खेळलोय, स्टोरीवाल्यांवर पैसे जास्त घातले आणि दोस्तांवाल्यांवर रात्री जास्त घातल्या, आणि शेवटी एका बाजूला सरकलो. कशामुळे सरकलो ते ऐकून हसाल, पण माझ्यासाठी तेच खरं कारण आहे.

आधी घराचं सांगतो. विक्रोळीला कन्नमवार नगरात आमचं वन रूम किचन. बाहेर दिवाणावर बाबा, खाली गादीवर मी, आत किचनमधे आई आणि ताई. मधलं दार पावसाने फुगलंय, ते लागतच नाही. लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला सेकंडहँड, तो टीपॉयवर. आई पाचला पाण्यासाठी उठते. म्हणजे माझा खेळायचा टाइम रात्री साडेअकरा ते एक-दीड, सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून आणि हूं की चूं न करता.

आता दोस्तांवाले गेम. खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त हसलोय ते यांच्यातच. सप्टेंबर २०२० मधे पबजीवर बंदी आली आणि आमचा अख्खा स्क्वॉड त्याच आठवड्यात अमंग अस वर शिफ्ट झाला, म्हणजे अंतराळयानातल्या क्रूमेट लोकांत लपलेला खुनी, इम्पोस्टर, ओळखायचा आणि व्होट करून बाहेर फेकायचा तो गेम. तो गेम खरं तर २०१८ पासून होता पण तोवर आमच्यातल्या कोणी त्याला विचारलं नव्हतं. दहा जणं, कोणी डोंबिवलीत कोणी भांडुपला, ऑफिसचा एक सिनियरसुद्धा, ज्याला एरवी मी सर सर करतो त्याला व्हेंटमधून, म्हणजे इम्पोस्टरच्या चोरवाटेतून, बाहेर येताना पकडलं तेव्हा जो आनंद झाला तो इन्क्रिमेंटला नाही झाला. एरवी सहा महिने ज्याला फोन करत नाही त्याच्याशी रोज दोन तास गप्पा, त्या पण खोटारडेपणावरून भांडत. लॉकडाऊनमधे डोकं ठिकाणावर राहिलं ते बरंचसं त्यामुळेच. त्या काळात आमची मावशी पण लुडो किंगवर बसायची (ती कंपनी इकडे नवी मुंबईचीच बरं का), म्हणजे काय खेळता याला महत्त्वच नव्हतं, कोण कोण बसलंय याला होतं.

पण या गेमना आवाज लागतो. माझं गाडं तिथेच अडलं. अमंग अस मधे मीटिंग लागली की तुम्हाला सांगावं लागतं कुठे होतात, कोणाबरोबर होतात, वायरिंगचं टास्क केलं का. आणि मी सांगायचो पांघरूण डोक्यावर घेऊन, कुजबुजत. "अरे मी इलेक्ट्रिकलला होतो, खरंच." आता तुम्हीच सांगा, रात्री बारा वाजता कोणी कानात असं कुजबुजत म्हणालं की मी निर्दोष आहे तर तुम्ही विश्वास ठेवाल? पहिल्या आठवड्यात मी जवळजवळ दर गेमला बाहेर. "हा एवढा हळू का बोलतोय, सस (संशयित) आहे, टाका याला." मी खरा क्रूमेट, टास्क पूर्ण, आणि तरंगतोय अंतराळात. चॅटमधे टाईप करायचा ऑप्शन आहे, पण मी "इलेक्ट्रिकल" टाईप करेपर्यंत बाकीचे बोलून, ठरवून, व्होट करून मोकळे. नंतर नंतर तर खरोखर इम्पोस्टर असायचो तेव्हा पोरं सोडून द्यायची, म्हणे याचा आवाजच तसा आहे.

पबजीचाच भारतातला अवतार बीजीएमआय आला जुलै २०२१ ला आणि परत सगळे तिकडे. एरँगलच्या मॅपवर शेवटच्या सर्कलमधे, म्हणजे आवळत आलेल्या रिंगणात, आम्ही तिघं जिवंत, समोर बहुतेक एकच स्क्वॉड, झाडामागे मी आडवा, आणि मला पावलांचा आवाज आला. मी कुजबुजलोच, देवाशपथ कुजबुजलोच, पण घाबरल्यावर कुजबुज पण मोठी होते. "मागे आहे रे, मागे आहे!" आतून आईचा आवाज, "कोण आहे रे मागे?" मग लाइट लागला, बाबा उठून बसले, ताई लाटणं घेऊन बाहेर, आणि हेडफोनमधे पोरं बोंबलतायत रिव्हाइव्ह दे रिव्हाइव्ह दे. मी नॉक, म्हणजे गोळी लागून आडवा. आई दाराची कडी तपासतेय. मॅच गेली ती गेलीच, पुढे आठवडाभर घरात विषय तोच, आणि बाबा अजून जेवताना मधेच विचारतात, मागे कोण होतं ते कळलं का?

हे एकदा झालं असतं तर विसरलो असतो. पण रोजचंच होतं. माइक म्यूट ठेवला तर दोस्त वैतागतात, आणि बरोबरच आहे त्यांचं, टीममधे एक मुका माणूस घेऊन कोण जिंकणार. मग तुम्ही खेळात असता पण मजेत नसता.

दुसरं एक, छोटं. असले गेम माणसांवर उभे असतात. जुलै २०२२ ला बीजीएमआय स्टोअरवरून गायब झाला आणि मे २०२३ ला परत आला, पण त्या दहा महिन्यांत आमच्यातल्या एकाचं लग्न झालं, एक पुण्याला नाइट शिफ्टला गेला, एकाने फोन बदलला आणि पासवर्ड विसरला. मी टाकला डाउनलोडला, लॉबीत उभा राहिलो, फ्रेंड लिस्ट बघितली आणि बंद केला.

तर स्टोरीवाले. पहिला मी घेतला फायरवॉच, तोही सेलमधे, स्वस्त होता म्हणून. १९८९ चा उन्हाळा, अमेरिकेत वायोमिंगच्या जंगलात वणव्यावर नजर ठेवायला एक माणूस टॉवरवर एकटा, आणि दुसऱ्या टॉवरवरची बाई त्याच्याशी वॉकीटॉकीवर बोलते. बस. चार-पाच तासांचा गेम, मी तीन रात्रीत संपवला. सगळा गेम बोलण्यावर चालतो आणि मला एक शब्द तोंडातून काढावा लागला नाही, दोन-तीन वाक्यं समोर येतात त्यातलं एक निवडायचं. आणि वेळेत निवडलं नाही तर गप्प राहणं हेच तुमचं उत्तर धरतात, ती बाई त्यावरून पुढे बोलते, कधी चिडते. मला तर धन्यच वाटलं. इतके दिवस गप्प राहिलो म्हणून लोकं मला अंतराळात फेकत होते, इथे गप्प राहिलो तर समोरची विचारतेय काय झालं.

मग रेड डेड रिडेम्प्शन २. दीडशे जीबीच्या आसपासचा डाउनलोड, आमच्या नेटवर तीन रात्री गेल्या त्यातच. सुरुवातीचा बर्फातला भाग लोकांना रटाळ वाटतो आणि आहेच थोडा, दोन वेळा सोडावासा वाटला. पण एकदा खाली उतरलात की १८९९ सालातला तो आर्थर मॉर्गन, त्याची टोळी, कँपमधून चालताना येता जाता लोकं काहीतरी बोलतात, तुम्ही बटण दाबून नुसता नमस्कार टाकायचा. घोड्याला खरारा करायचा, चिखल निघेपर्यंत. मी रोज दीड तास करत अडीच महिने खेळलो. संपला त्या रात्री झोप नाही लागली. दुसऱ्या दिवशी ८:१२ च्या लोकलला दारात लटकलो होतो आणि डोक्यात तेच.

आणि इथेच या गेमची खोट आहे, ती पण सांगतो. सांगायचं कोणाला? ग्रुपवर टाकलं तर उत्तर आलं, पिक्चरच बघ ना मग. शेवटी ताई मेथी निवडत होती तिला सगळी स्टोरी सांगितली, अर्धा तास, तिने ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, घोड्याचं काय झालं? मी म्हटलं ते विचारू नकोस.

भाषेचं पण आहे. डिस्को एलिझियम घेतला, लोकं डोक्यावर घेतात म्हणून, त्यात दहा लाखांच्या वर शब्द आहेत आणि इंग्रजी असं की रात्री एक वाजता मी डिक्शनरी उघडून बसलो होतो, ऑफिसचं ऑडिट परवडलं. भारी आहे, पण अर्ध्यात आहे अजून. आपल्याकडचं काही हवं असेल तर पुण्यातल्या लोकांनी केलेला राजी आहे, २०२० चा, हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी मुलगी. दिसायला सुंदर, शेवट मला अर्धवट वाटला. पण त्यातल्या नक्षीच्या भिंती बघायला मी उगाच थांबत होतो.

मधला रस्ता नाहीच असं नाही. इट टेक्स टू हा दोघांनीच खेळायचा गेम, एकट्याला तो चालतच नाही, पण स्टोरी पूर्ण आहे. एकाने विकत घेतला की दुसरा फ्रेंड्स पासवर फुकट येतो. आम्ही ताई आणि मी एकाच लॅपटॉपवर खेळलो, तिला कंट्रोलर, मला कीबोर्ड. घटस्फोटाला निघालेलं जोडपं बाहुल्या होऊन बसतं आणि बाहेर पडायला एकमेकांची मदत लागते. बाजूलाच बसलेल्या माणसाशी कुजबुजून चालतं हो, हा फायदा तेव्हा कळला. उलट शेतीचा गेम स्टारड्यू व्हॅली मित्रांबरोबर घेतलात तर एक लक्षात ठेवा, सगळे खेळाडू झोपायला गेल्याशिवाय तिथला दिवस संपत नाही. आमचा एकजण मासे पकडत बसायचा गेममधले दोन वाजेपर्यंत आणि आम्ही तिघं पलंगावर वाट बघत. म्हणजे घरी सगळे झोपायची वाट बघायची आणि गेममधे पण तेच.

आता ज्याची त्याची आवड, मी कोण सांगणारा. ग्रुप पक्का असेल, सगळे एकाच वेळेला मोकळे होत असतील आणि तुम्हाला दार लावता येत असेल, तर दोस्तांवाला घ्या. तसे बरेच चांगले गेम फुकटच आहेत, म्हणजे खरं तर बजेट त्यावर घालवायची गरजच नाही. पैसे टाकायचेच असतील तर मी स्टोरीवाल्यावर टाकीन, पहिला फायरवॉच, सेल लागला की, आणि आवडला तर मग बर्फात जा.

दोस्तांवाले मी सोडलेले नाहीत. गणपतीत आई-बाबा आणि ताई गावाला जातात, मी सुट्टी नाही म्हणून दोन दिवस उशिरा निघतो, त्या दोन रात्री स्क्वॉडला आधीच मेसेज जातो आणि मी बीजीएमआयच्या मॅपवर पोचिंकी गावात उतरून घसा बसेपर्यंत ओरडतो. गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंनी दार वाजवलं, म्हणाल्या, काय रे, रात्री कोण आलं होतं मागे?

आतेभावाला मी एवढंच परत विचारलंय की तुमच्या नवीन फ्लॅटमधे तुला वेगळी खोली मिळाली का. अजून दोन निळ्या टिका आहेत, उत्तर नाही.