झुकलेल्या नळीसाठी स्कोप माउंट: ठरलेल्या उताराचा घ्यावा की कोन बदलता येणारा?

ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी मोडून भरायच्या, एअर रायफलवर स्कोप चढवला, टरेट (नेम सरकवायच्या स्कोपवरच्या चकत्या) बरोबर मध्यावर ठेवले आणि पेलेट (छर्रा) 25 मीटरवर जवळजवळ वीतभर खाली लागलं, तर लगेच रायफलला नावं ठेवू नका. नळी किंचित झुकलेली असणं या जातीत नेहमीचंच. माझ्या रायफलला तिथे 15 सेंटीमीटरची तूट होती, म्हणजे साधारण 20 एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग). स्कोपचा पल्ला एकूण 60, मध्यापासून वर 30. त्यातले 20 झिरो करण्यातच, म्हणजे 25 मीटरवर नेम जुळवण्यातच, गेले आणि 50 मीटरसाठी आणखी 7, म्हणजे पाव एमओएचा एक असे टरेटचे 28 क्लिक लागतात. टरेट पार टोकाशी जातो, स्कोपच्या आतली स्प्रिंग सैल पडते आणि ग्रुप फाकतो, म्हणजे पेलेट विखरून लागतात. म्हणून ही भरपाई स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या माउंटनेच करायची.

माउंटच्या मागच्या रिंगेत, स्कोपखाली, कॅमेरा रोलच्या पट्ट्या घालून मीही पाहिलं. तेवढ्या उंचीला रिंगा एका रेषेत राहत नाहीत, स्कोपच्या नळीवर वळ उठतात. तो नाद सोडा.

कोन बदलता येणारा माउंट कागदावर सरस. हवा तेवढाच उतार द्या, टरेट मध्यावर आणा. मी आधी तोच घेतला. गिरणारेकडे मित्राच्या द्राक्षबागेमागे मातीचा उंच बांध आहे, तिथे आमचा सराव चालतो. डिसेंबरातल्या एका सकाळी गारठ्यात झिरो केला आणि अकराच्या सुमारास 50 मीटरवर पेलेट तीन बोटं खाली. आधी वाटलं ऊन चढलं, ग्रीस पातळ झालं. मग वाटलं गाल नीट टेकत नसेल. पेलेटचा डबा बदलला. पुढच्या रविवारीही तेच. शेवटी पुतणीच्या नेलपॉलिशने कोनाच्या स्क्रूवर, डोक्यापासून माउंटपर्यंत, एक बारीक रेघ ओढली. चाळीसेक फैरींनंतर भिंगातून पाहिलं तर रेघ मधोमध तुटलेली. स्क्रूवरचा तुकडा केसभर सरकला होता. माझ्यासारख्या स्प्रिंगवर चालणाऱ्या रायफलचा धक्का मागे बसतो तसा पुढेही बसतो, स्क्रूला दोन्हीकडून हिसके. लॉकटाइट (स्क्रू जाम करणारा गोंद) लावल्यावर तो थांबला, हे मान्य. पण कोन असा जाम करून टाकायचा असेल, तर बदलत्या कोनाचे पैसे कशाला मोजायचे?

आता 20 एमओएचा एकसंध माउंट आहे. हलायला कोनाचा स्क्रूच नाही. बसवताना उंच बाजू मागे आहे ना, हे दोनदा बघा आणि माउंट मागे सरकू न देणारी स्टॉप पिन 11 मिलिमीटरच्या डवटेलवरच्या (रायफलवरच्या माउंट बसवायच्या खाचेवरच्या) भोकात नीट उतरवा. एवढंच.

तुमच्याकडे दोन-तीन रायफली असतील आणि एकच स्कोप फिरवत असाल, किंवा झुकाव सात-आठ एमओएच असेल, तर कदाचित बदलता कोनच सोयीचा पडेल. पीसीपीला (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलला) असे दुहेरी हिसके नसतात, तिथे माझी तक्रार फारशी लागूही होणार नाही. म्हणून आधी टरेट मध्यावर ठेवून पाच फैरी झाडा, तूट मोजा, मगच ऑर्डर द्या. पंधरा-वीसच्या घरात आली, तर मी तरी ठरलेल्या उताराचाच सांगेन.

स्टॉकवर चिकटवलेल्या पट्टीवर 50 मीटरसमोर मी 28 लिहिलंय. दोन हिवाळे झाले, थंडीत एखादा क्लिक इकडे-तिकडे होतो, पण तो आकडा खोडावा लागलेला नाही.